गालाला लावलेला ताव

साखरबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागद वाचता येत होता. तावावरून एकदा बोट फिरवलं की ती सांगायची, यावर शाई फुटेल, त्यावर टाक अडखळेल, आणि हा घ्या, यावर खुशाल व्याह्याला पत्र लिहा. कळंबच्या माळावर मेंढरांमागे हिंडलेल्या धनगराच्या बाईला ही विद्या कुठून आली, असं बारामतीतले शहाणे लोक विचारायचे. शहाण्या लोकांना विद्या फक्त पाटीवरच असते असं वाटतं, त्याला कोण काय करणार?

एका पावसाळ्यात रोग आला आणि सव्वाशे मेंढरांतली अकरा उरली. चरायचा माळ तोवर कालव्याखाली आला होता, तिथे ऊस उभा होता. नवरा म्हस्कू दुसऱ्याची मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचा, तो पाऊस तोंडावर आला की परतायचा. घरी म्हातारी सासू म्हाळसा आणि दोन पोरी. साखरबाई घरातली शेवटची चांगली घोंगडी घेऊन बारामतीच्या बाजारात बसली, तेव्हा झुंबरबाई तिला पहिल्यांदा भेटली. झुंबर ही एका माळ्याची विधवा, पन्नाशीला आलेली, तोंडाने फटकळ. तिने घोंगडी हातात घेऊन उलटीसुलटी केली, परत ठेवली आणि विचारलं, हिला खळ कोणी दिली? साखरबाई म्हणाली, मीच. झुंबर म्हणाली, मग ही इकू नगंस, माझ्यासंगं चल. घोंगडी विकायला आलेली बाई त्या दिवशी घोंगडीसकट कामाला लागली. पहिले चार महिने ती झुंबरच्याच पडवीत राहिली, मग त्याच गल्लीत तिने एक खोली धरली.

काम होतं मोहनरावांच्या कागदाच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे कऱ्हेच्या काठाला एक लांबलचक पत्र्याची शेड. मोहनराव तिशीतले, खादी घालणारे, पुण्याला कागद करायचं शिकून आलेले. काम करणाऱ्या बायांना ‘तुम्ही’ म्हणणारा हा माणूस, त्यामुळे सुरुवातीला बायांना त्यांची शंकाच यायची. जुनी पोती, चिंध्या आणि गुऱ्हाळांची चिपाडं कुजवून, कुटून त्यांचा लगदा करायचे. गडी साच्यावर ताव उचलायचे. ताव वाळला की त्याला खळ लागायची. पण एवढं करूनही तो कागद नुसता खडबडीत. टाक टेकवला की शाई पिऊन टाकायचा, आणि टाकाच्या टोकाला तंतू अडकायचे. म्हणून शेवटचं काम सहा बायांचं, घोटाईचं. उतरत्या फळीवर ताव अंथरायचा आणि मुठीत मावेल असा गुळगुळीत अकीक दगड दाबून पुढेमागे फिरवायचा. दगडाच्या दाबाने उभे राहिलेले तंतू आडवे होतात, खळ मधल्या खळग्यांत बसते, आणि कागद चमकायला लागतो.

झुंबरने पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट हातावर चापट मारून शिकवली. ताव कडकडीत वाळलेला पाहिजे. कोपरा धरून हलवला तर पापडासारखा वाजला पाहिजे. ओल्या तावावर दगड फिरवला तर कागद सोलून निघतो. सहाही बायांना हा नियम इतका पाठ होता की त्यांनी तो देवाच्या नावासारखा कधी तपासून पाहिला नाही.

चार वर्षं अशी गेली. मग अडतीस सालच्या फाल्गुनात पुण्याच्या एका छापखान्याने वीस हजार ताव मागितले. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, आणि मुदत दीड महिना. सहाजणी मिळून दिवसाला तीनशे ताव घोटायच्या. मोहनरावांनी गणित तीन वेळा केलं, तिन्ही वेळा ते चुकलं नाही, म्हणजे काम होणार नाही असंच निघालं. आणि काम झालं नाही तर पुढे काय, हे सगळ्या शेडला ठाऊक होतं. मोहनरावांचे थोरले बंधू कागदाला खूळ समजत. त्यांना ती शेड गुळाच्या ढेपा ठेवायला हवी होती, आणि हा हंगाम त्यांनी धाकट्याला शेवटचा म्हणून दिला होता.

म्हणून मोहनरावांनी पुण्याहून जुनं घोटाईचं यंत्र आणलं. दौंडहून छोट्या गाडीने ते बारामतीला उतरलं, तेव्हा बैलगाडीचा आस वाकला. यंत्र दिसायला साधंच. वर लोखंडाचा चकचकीत रूळ, खाली कापूस दाबून दाबून केलेला दुसरा रूळ, दोन्ही टोकांना दाब कमीजास्त करायचे पेच, आणि बाजूला मोठं चाक. दोघी चाक फिरवणार, एकजण दोन रुळांच्या मध्ये ताव सोडणार. मिस्त्रीने सोबत आणलेले चार ताव त्यातून काढून दाखवले. ते असे निघाले की नकोशी नावाच्या तरुण घोटाईवालीने त्यात तोंड दिसतं का म्हणून पाहिलं. मिस्त्री संध्याकाळच्या गाडीने परत गेला. सहाही बायांनी आपापल्या दगडाकडे पाहिलं. हे लोखंड चाललं तर तिघी पुरत होत्या.

दुसऱ्या दिवशी आपले ताव घातले. चैत्राचं ऊन, बारामतीची कोरडी हवा, आणि नियमाप्रमाणे कडकडीत वाळवलेला कागद. ताव रुळांतून निघाला तो कडांना तडकलेला, आणि चमक नावालाही नाही. मोहनरावांनी पेच आवळले. आता तावावर अशा चुण्या पडल्या की त्या जागी कागद कापलाच गेला. मग त्यांनी विचार केला की थोडं पाणी लावावं, आणि हाताने पाणी शिंपडून लगेच ताव आत घातला. जिथे जिथे थेंब पडला होता, तिथे कागद काळपट होऊन तेल सांडल्यासारखा आरपार दिसायला लागला. दोन ताव तर रुळालाच चिकटले, ते खरवडून काढावे लागले.

असे आठ दिवस गेले. कोरडा घातला तर तडकायचा, ओला घातला तर काळवंडायचा. मोहनरावांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. यंत्रच नासकं निघालं, असं त्यांच्या मनाने घेतलं. शनिवारी गाडी बोलावून यंत्र परत करायचं आणि छापखान्याला नकार कळवायचा, असं त्यांनी बुधवारी सांगून टाकलं. बायांना आतून उकळ्या फुटल्या. झुंबरने तर मारुतीला नारळ बोलला होता. पुढे शेडचं काय होईल, हा विचार तिने मारुतीवरच सोडला असावा.

साखरबाईला मात्र त्याच बुधवारी एक गोष्ट कळली, आणि कळली नसती तर बरं झालं असतं असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

मोहनरावांनी आदल्या दिवशी शिंपडलेले काही ताव न घालताच राहिले होते, ते कोरड्या तावांच्या गठ्ठ्याखाली दबून गेले होते. ती झाडताना गठ्ठा उचलायला गेली आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. तिने वरचा ताव काढून गालाला लावला. ही तिच्या सासूची रीत. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिली की म्हाळसा ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. मग उलगडून गालाला लावायची. गार लागली तर अजून थांबायचं. उबदार लागली तर उशीर झाला. गारही नाही आणि उबदारही नाही, नुसती आहे एवढंच कळलं, की ताणायला घ्यायची. हा ताव तसाच होता. थेंबांचा मागमूस नव्हता, शिंपडलेल्या तावाची ओल कोरड्या तावांत पसरून सगळे सारखे झाले होते.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. त्याच दुपारी एक ओला ताव, वर पाच कोरडे, पुन्हा एक ओला, अशी थप्पी लावून तिने ती खळीच्या मोठ्या भांड्याखाली दाबून ठेवली. गुरुवारी दुपारी बाया भाकरी खायला नदीकाठच्या लिंबाखाली गेल्या, तेव्हा ती डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. ताव गालाला लावला, रुळांच्या तोंडाशी धरला, आणि एका हाताने ते जड चाक ओढलं. ताव पलीकडून बाहेर आला. ना चूण, ना काळा डाग. तिने बोट फिरवलं, तर बोटाला काही लागलंच नाही. दिवसभर दगड घासूनही अशी बाजू निघत नसे. चार वर्षं कागदाशी झुंजलेल्या त्या बाईला आधी इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. आणि मग तिला भीती वाटली.

बोललं तर यंत्र राहील आणि तिघींची भाकरी जाईल. त्या तिघींत झुंबर असणार, कारण पन्नाशीची बाई ते चाक ओढणार कशी? न बोललं तर यंत्र जाईल, नकार जाईल, आणि पावसाळ्याआधी शेडमध्ये गूळ येईल, म्हणजे सहाहीजणी घरी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. फरक एवढाच की विहिरीत ती एकटी पडत नव्हती, आणि ढकलणारी मात्र तीच होती.

तिने तो ताव घडी घालून लुगड्याच्या ओच्यात खोचला आणि लिंबाखाली जाऊन बसली. झुंबरने आपल्यातला कांदा फोडून अर्धा तिच्या भाकरीवर ठेवला आणि तोंड का उतरलंय म्हणून विचारलं. साखरबाई म्हणाली, ऊन लागलंय. सांगायची ती वेळ होती. पण ती झुंबरला ओळखत होती. झुंबर म्हणेल, फाड तो कागद. आणि झुंबरने सांगितलं तर आपण फाडू, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईने बाजारातून उठवून आपल्याला पोटाला लावलं, तिच्या तोंडावर नाही म्हणायची ताकद साखरबाईत नव्हती. म्हणून तिने विचारलंच नाही.

शुक्रवार कसा गेला ते तिचं तिला माहीत. दोनदा ती मोहनरावांच्या मेजापर्यंत गेली आणि झाडू शोधतेय असं दाखवून परत आली. एकदा लगद्याच्या हौदाशी जाऊन तो ताव बुडवायला हात पुढे केला, आणि तेही होईना. चांगला माल स्वतःच्या हाताने नासवणं तिच्या हाताला येतच नव्हतं. कळंबला दोन पोरी होत्या, सासू होती. बाकीच्यांच्याही घरी कोणी ना कोणी होतंच. हा हिशोब ती पुन्हा पुन्हा मांडत होती आणि तो कुठूनही सुटत नव्हता.

शनिवारी सकाळी बैलगाडी दाराशी येऊन उभी राहिली. गड्यांनी यंत्राला दोर बांधायला घेतले. साखरबाई उठली, मोहनरावांसमोर गेली आणि ओच्यातला ताव काढून तिने मेजावर ठेवला.

“यंत्राला बोल लावू नगा,” ती म्हणाली. “आमचा कागद लई वाळतोय. वाळकी वैरण बांधाय गेलं तर मोडती, पहाटं दहिवरात बांधली की लवती. कागदाचं बी तसंच हाय. वरनं पाणी मारू नगा. ओल आत मुरू द्या.”

मोहनरावांनी ताव उजेडात धरला, टाक शाईत बुडवून त्यावर एक ओळ ओढली. टाक कुठे अडला नाही, शाई कुठे पसरली नाही. त्यांनी दोर सोडायला सांगितले. मग ते मुदतीचे दिवस बोटांवर मोजायला लागले. वीस दिवस उरले होते. चाकावर दोघी, आणि ओल बघून ताव सोडायला एक. एवढ्याच लागतील, असं ते म्हणाले, आणि अपराध्यासारखे खाली बघत राहिले. दोघी कोण ते साखरबाईंनीच सांगावं, कारण कोणाच्या हातात किती जोर आहे ते त्यांनाच माहीत. भला माणूस होता, पण नको ते काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची खोड भल्या माणसांनाही असतेच.

तोवर पाचही बाया फळ्या सोडून जवळ आल्या होत्या. साखरबाईने आधी वेगळंच मागितलं. ताव सोडायला झुंबरआक्काला ठेवा, तिला गालाची खूण मी शिकवते, आणि चाक मी ओढते. मोहनरावांनी नकारार्थी मान हलवली. शिकवायला आता दिवस नाहीत, म्हणाले, एक गठ्ठा काळा पडला तर सगळंच जाईल. काम निघालं की पुढचं बघू.

साखरबाईने मान खाली घालूनच दोन नावं घेतली, नकोशी आणि विजयमाला. दोघीही पंचविशीच्या आत, दंडाने भरलेल्या. तिसरं नाव घ्यायला जागाच नव्हती. सरुबाई आणि बनाबाई कुजबुजत मागे सरल्या. झुंबरने आपली फळी पदराने पुसली, दगड फळीवर ठेवला आणि ती दाराबाहेर निघून गेली. साखरबाईला तिच्यामागे धावावंसं वाटलं, पण मोहनराव ओल्या तावांची थप्पी कशी लावायची ते विचारत होते.

ते वीस दिवस तिने मान वर केली नाही. पहाटे थप्प्या उलगडायच्या, एकेक ताव गालाला लावायचा, गार लागेल तो बाजूला, बरोबर असेल तो रुळात. एका बाजूने काढून उलटायचा, पुन्हा सोडायचा. दर थप्पीला तिला वाटायचं, की ही काळी पडली तर तिघींना उगाच घालवलं. थप्पी काळी पडली नाही. गालाची कातडी मात्र खळीने सोलवटली. सरुबाई आणि बनाबाई सांगवीला भाजीच्या मळ्यांत खुरपायला जाऊ लागल्याचं कानावर आलं. झुंबर एका व्यापाऱ्याच्या घरी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. साखरबाई त्या दिवसांत आपल्या खोलीवर जायला नदीकडून लांबचा रस्ता धरायची, झुंबरच्या दारावरून जायला नको म्हणून.

वीस हजार ताव वेळेत गेले. आठ दिवसांनी छापखान्याचं पत्र आलं, ते मोहनरावांनी मोठ्याने वाचून दाखवलं. कागद पसंत होता, पुढच्या हंगामालाही तसाच हवा होता. गुळाच्या ढेपांचा विषय मिटला. साखरबाईने तिथल्या तिथे सांगितलं की ताव सोडायला चौथी बाई पाहिजे, मला एकटीला होत नाही, आणि ती बाई झुंबरआक्का. मोहनराव लगेच हो म्हणाले. पत्र हातात असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

ती तशीच निघाली, आणि या वेळी सरळ रस्त्याने. इतक्या दिवसांचा घोर आता उतरेल असं तिला वाटत होतं. झुंबर अंगणात सूप घेऊन बसली होती, शेंगांच्या फोलकटांच्या ढिगाशेजारी. साखरबाईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्र आलं, जागा आहे, उद्यापासून चल, ओल बघायचं काम बसून करायचं आहे, चार दिवसांत येईल.

झुंबरने शेवटच्या शेंगा फोडून दाणे सुपात टाकले.

“तुजं काय बी चुकलं न्हाय,” ती म्हणाली. “तू बोलली नसतीस तर समद्याच घरी बसलो असतो. एवढं मला बी कळतं.”

“मग चल की, आक्का.”

“गुरवारीच कळलं हुतं न्हवं तुला? डोकं दुखतंय म्हणालीस, तवाच.”

साखरबाईने मानेनेच हो म्हटलं.

“मोहनरावाला सांगायच्या आदी मला सांगायचं,” झुंबर म्हणाली. “मी फाड म्हणीन, आसं वाटलं व्हय तुला?”

साखरबाईला तेच वाटलं होतं. झुंबर खरंच तसं म्हणाली असती की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं. तिने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. झुंबर तिच्याकडे बघत होती, तिला उत्तर मिळालं होतं. ती म्हणाली, शेंगांचं काम बरं आहे, सावलीत असतं.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली. साखरबाईला वाटलं, निघायला तयार होते आहे. चार वर्षं या घरात ती स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घ्यायची, चुलीवरची भाकरी उलटायची, कधी झुंबरच्या आधी जेवायलाही बसायची. झुंबर बाहेर आली ती तांब्या-पेला घेऊन. तिने पडवीत पोतं अंथरलं, पाहुण्याला ठेवतात तसा तांब्या समोर ठेवला आणि पदर डोक्यावर घेऊन बाजूला उभी राहिली.

“बसा,” ती म्हणाली. “पाणी घ्या.”

साखरबाई पोत्यावर बसली आणि पाणी प्यायली.